बुडालेल्या बोटीचं पान

“...पण नाव तर मी गाळलं होतं ना? मग राग कसला?”

धुंडिराजचा आवाज चढला होता. समोर गयाबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात त्याचं नवं पुस्तक होतं.

“नाव गाळलंत, सर,” गयाबाई म्हणाल्या. “रडणं मात्र माझंच ठेवलंत.”

हरिगिरी महाराज ओट्यावर बसून ऐकत होते.

सिंदफणेच्या काठी त्यांच्या मठात दुपारचं वाचन चालायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलायचं. गुरांच्या आजारांचं पुस्तक असो, ताऱ्यांचं असो, जुन्या लढायांचं असो की एखादी प्रेमकथा, कशालाच मनाई नव्हती. धुंडिराज कॉलेजातली नोकरी सोडून महाराजांचा शिष्य झाला होता. आवाज खणखणीत, म्हणून वाचायचं काम त्याच्याकडं आलं. पुढं त्या वाचनांवर त्यानं स्वतःचं पुस्तक लिहिलं. कोणतं पुस्तक वाचताना मनात काय आलं, कुणाशी काय बोलणं झालं, असं सगळं त्यात होतं. शहरात त्याचं कौतुक झालं. हारतुरे झाले.

गयाबाई अंगणवाडीत शिकवायच्या. त्यांनी ते पुस्तक हौसेनं मागवून घेतलं, आणि एका पानावर त्या स्वतःलाच भेटल्या.

त्यांचा मुलगा नवनाथ पुरात वाहून गेला, त्याच वर्षी मठात एका बुडालेल्या बोटीची हकीकत वाचली जात होती.

“महाराज, तुम्हीच न्याय करा,” धुंडिराज म्हणाला. “मी यांची निंदा केलीय का? उलट गौरवच केलाय.”

“वाच.”

“काय वाचू?”

“ते पान. यांच्या तोंडाकडं बघून वाच.”

गयाबाईंनी पान उघडून पुस्तक त्याच्या हातात दिलं.

धुंडिराजनं घसा साफ केला. “‘लाटा बोटीवर आदळू लागल्या, तेव्हा श्रोत्यांतली एक भोळीभाबडी आई हुंदके देऊ लागली. लेखणीचं सामर्थ्य मला त्या दिवशी उमगलं. त्या माउलीचे अश्रू म्हणजे त्या शैलीला मिळालेली...’”

तो थांबला. गयाबाईंची नजर हलली नव्हती.

“पुढं,” महाराज म्हणाले.

“महाराज... नको.”

“पुढं वाच!” महाराज एवढ्या जोरात ओरडले की आवारातली कबुतरं उडाली. “त्या दिवशी ही ‘नको’ म्हणाली होती. हात जोडून म्हणाली होती. तू पान संपेपर्यंत वाचत राहिलास. आवाजाला आणखी धार आणून वाचलंस!”

धुंडिराज लाल झाला. “मग तुम्ही का नाही थांबवलंत? तुम्हीही इथंच बसला होतात!”

“होतो.” महाराजांचा आवाज एकदम खाली आला. “तो राग वेगळा आहे. तो माझ्यावरचा आहे.”

...



“मला न्यायबिय काही नको,” गयाबाई शेवटी म्हणाल्या. “एकच सांगा, सर. त्या दिवशी मी उठून गेले. नंतर कधी वाचनाला आले नाही. त्या बोटीवरचं कुणी वाचलं का?”

“त्या पुस्तकाचा भर त्यावर नाही, बाई. समुद्राचं जे निर्दयपण आहे, ते लेखकानं...”

“कुणी वाचलं का?”

त्या हकिकतीवर धुंडिराजनं अख्खं प्रकरण लिहिलं होतं. भाषेवर लिहिलं होतं, वर्णनांवर लिहिलं होतं. बोटीवरच्या माणसांचं पुढं काय झालं ते मात्र काही केल्या आठवेना.

महाराज उठले. आतल्या कपाटातून त्यांनी बोटीचं ते जुनं पुस्तक काढून आणलं आणि त्याच्यासमोर आपटलं.

“शोध.”

धुंडिराज पानं उलटू लागला. पुढं गेला, मागं आला. बोटं घामेजली होती, पानं चिकटत होती. गयाबाई तशाच उभ्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“एक जण,” तो खालमानेनं म्हणाला. “आचारी होता बोटीवर. फळीला धरून किनाऱ्याला लागला.”

“त्याची आई होती का?”

“ते... लिहिलेलं नाही.”

“असेल,” गयाबाई म्हणाल्या.

डोक्यावरचा पदर सारखा करून त्या ओट्याच्या पायऱ्या उतरल्या. कुणाला नमस्कार केला नाही. हौसेनं मागवलेलं धुंडिराजचं पुस्तकही परत मागितलं नाही.

त्या फाटकाबाहेर गेल्या. मग धुंडिराजनं सुस्कारा सोडला.

“दुसऱ्या आवृत्तीत तो परिच्छेद काढून टाकतो, महाराज. मग आक्षेप घ्यायला जागाच उरणार नाही.”

महाराजांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

“चुकलो, मान्य आहे,” धुंडिराज घाईनं म्हणाला. “पण एका परिच्छेदासाठी एवढं? इतकी वर्षं, इतक्या माणसांत बसून, इतकी पुस्तकं वाचली मी! त्याचं काहीच नाही?”

...

“पुस्तकं वाचलीस रे,” महाराज म्हणाले. “तू वाचला नाहीस.”