ठकीच्या नखांचं मशीन

फार वर्षं झाली नाहीत, पण उंदरांच्या वीस पिढ्या तरी उलटल्या असतील. एका धान्याच्या गोदामात ठकी नावाची मांजर होती. रोज सकाळी ती तागाच्या पोत्यावर नखं परजायची आणि तो खर्रखर्र आवाज ऐकून उंदीर बिळांत दडून बसायचे.

एकदा मालकाच्या सूनबाईंनी नखं घासायचं विजेचं मशीन आणलं, बोट भाजून घेतलं आणि मशीन उकिरड्यावर फेकलं. गोमाजी उंदराने ते ओढत आणून ठकीपुढे ठेवलं. गोमाजी म्हातारा आणि चिवट, म्हणून ठकी त्याला खात नसे.

"मावशी, पोत्यावर नखं घासणं आता गावंढळ समजतात. शहरात सगळ्या जणी घरच्या घरी हेच वापरतात."

गावंढळ हा शब्द ठकीला फार लागला. तिने मशीन सुरू केलं. लगेच चटका बसला.

"चटका बसला म्हणजे काम होतंय," गोमाजी म्हणाला.

आठवडाभर घुर्रघुर्र चाललं. नखं गोल झाली, शिंपल्यासारखी चमकायला लागली. मग ठकीने एका उंदरावर झडप घातली. तो ओल्या साबणासारखा पंजातून निसटला आणि दारापाशी थांबून म्हणाला, "काय फिनिशिंग आहे, मावशी!"

पोटात कावळे ओरडत असतानाही ठकी लाजली.

"मावशी," गोमाजी अदबीने म्हणाला, "दातांचंही मशीन निघालंय म्हणे. आणू?"

ठकीने बादलीतल्या पाण्यात आपले सुळे न्याहाळले.

"आण बाबा," ती म्हणाली. "हे दोन फारच गावंढळ दिसतात."