न उठलेली सभा

मार्लकूमच्या नगरसभेत पाहुण्यांना बसायला काही नाही. सभासदांनाही नाही. दालन प्रशस्त आहे, खिडक्या उंच आहेत, आणि मधोमध ओकच्या लाकडाची एकच उंच पाठीची खुर्ची आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. सभासद तिच्यासमोर उभे राहून गावचा कारभार हाकतात. गुडघे कुरकुरायला लागले की भाषणं आपोआप आटोपतात, असं दालन दाखवणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस पेनरोज सांगतात, आणि पाहुणे हसतात. हसून झालं की बाई आवाज उतरवतात. ही मंडळी उभी राहतात, कारण ती दुसऱ्याच्या सभेत आलेली आहेत. आधीची सभा अजून उठलेली नाही.

चारशे वर्षं होत आली, असं सांगतात. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर असा राजा होता, ज्याला पार्लमेंट म्हणजे पायातला काटा वाटे. कर लावायचा तर पार्लमेंटला विचारायचं, ही जुनी रीत. राजाने पार्लमेंटलाच घरी पाठवून दिलं, वर्षानुवर्षं बोलावलं नाही, आणि कर मात्र लावत राहिला. विचारायला कोणी उरलंच नाही तर विचारायचं कोणाला, असा त्याचा साळसूद सवाल.

मार्लकूम हे लोकर विणणाऱ्यांचं गाव. नगरसभेचे अध्यक्ष होते ॲम्ब्रोज फेन. साठी उलटलेली, स्वभाव इतका सावध की भित्रा म्हटलं तरी चालेल. घरात शिरले की आधी बायकोच्या, टॅमसिनच्या, तोंडाकडे बघायचे. ती ‘बसा’ म्हणाली की बसायचे, ‘उठा’ म्हणाली की उठायचे. सभेत फेनसाहेब अध्यक्ष आणि घरी टॅमसिनबाई, अशी गावात थट्टा चाले. नवराबायको दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

अशा या माणसाच्या अध्यक्षतेखाली सभेने ठरवलं, की पार्लमेंटने हो म्हटल्याशिवाय मार्लकूम कर देणार नाही. सभा संपायच्या आत राजाचा अधिकारी शिपाई घेऊन दारात उभा राहिला आणि त्याने हुकूम वाचला: राजाज्ञेने सभा उठावी. तिथली रीत अशी, की अध्यक्ष स्वतः खुर्चीतून उठला म्हणजे सभा उठली. आणि राजाच्या हुकमावरून उठलेल्या सभेने जे काही ठरवलं असेल ते सगळं रद्द. ॲम्ब्रोज सवयीने उठायलाच लागले होते, तेवढ्यात शेजारच्या दोघांनी त्यांचे खांदे धरून त्यांना खाली बसवलं.

अधिकारी डोक्याने थंड होता. अध्यक्षाला ओढून काढलं तर सभा मोडली म्हणतील, उठली म्हणणार नाहीत, हे त्याला कळत होतं. त्याने फक्त आत अन्न जाऊ द्यायचं बंद केलं. बाहेर पडेल त्याने खुशाल घरी जावं, पण परत आत यायचं नाही आणि या सभेतला त्याचा हक्कही संपला. दिवस उपाशी जाऊ लागले तशी एकेकाला कामं आठवू लागली. कोणाची गाय व्यायला झाली होती, कोणाच्या पोटात कळ आली होती. खांदे धरणारे दोघेही गेले. शेवटी दालनात ॲम्ब्रोज एकटे उरले. आता त्यांना धरून ठेवणारं कोणी नव्हतं, पण ऊठ म्हणणारं ओळखीचं माणूसही नव्हतं.

तेव्हा अधिकाऱ्याने टॅमसिनला बोलावून घेतलं. तिला हेच हवं होतं. नवऱ्याला पांघरायला शाल हातावर घेऊनच ती आली. बाईमाणसाने दालनात पाऊल टाकायचं नाही, म्हणून ती उंबऱ्याबाहेर थांबली. मागे सारा गाव लोटला होता. ॲम्ब्रोजनी तिच्याकडे पाहिलं आणि घरी विचारायचे तसंच विचारलं.

“टॅमसिन, उठू का गं?”

टॅमसिन त्यांना उठवायलाच आली होती. पण तिने त्यांचे पांढरे पडलेले ओठ पाहिले. हा माणूस आता उठला तर कोसळेल, हे तिला कळलं. आधी पोटात काही जाऊ दे, मग उठवू.

“बसा,” ती म्हणाली. “पेज आणते.”

पुढचे शब्द कोणी ऐकलेच नाहीत म्हणे. ‘बसा’ म्हणताच गावाने असा काही जल्लोष केला की खिडक्या हादरल्या. अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. टॅमसिन गर्दीतून वाट काढत घरी धावली. तिने जवाची पेज गरम केली, त्यात लोण्याचा गोळा सोडला आणि भांडं शालीत गुंडाळून परत आली. तेव्हा सगळ्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. ॲम्ब्रोज तसेच ताठ बसलेले होते, डोळे दाराकडे, पण श्वास थांबलेला.

शिपायांनी त्यांना उचलून बाहेर आणलं. पण गावाने एकच धोशा लावला: अध्यक्षांना उठवलं, अध्यक्ष उठले नाहीत. सभा चालू आहे, आणि सभेचं ‘नाही’ कायम आहे. अधिकारी रिकाम्या हातांनी परत गेला.

टॅमसिन गावाची वीरबाई झाली. पतीपेक्षा गावाचा हक्क मोठा मानणारी बाई, म्हणून ती रस्त्यात दिसली की पुरुष उठून उभे राहत. ती बापडी बाजारात भेटेल त्याला सांगायची, की मी जेवायला बसा म्हटलं होतं. लोक म्हणायचे, किती हा विनय! विधवेचे काळे कपडेही तिला घालू दिले नाहीत, कारण अध्यक्ष बसलेले असताना त्यांची बायको विधवा कशी होईल? आणि संध्याकाळी ती दालनावरून गेली की आतून खुर्ची करकरे. वाट बघून अवघडलेला माणूस जरा सावरून बसतो, तशी. हे ऐकलेले लोक त्या रस्त्याने एकटे जात नसत.

पुढे राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपली, आणि राजाचं डोकं उडवलं गेलं. आता तरी झालं, असं म्हणून टॅमसिन उंबऱ्याशी आली.

“उठा,” ती म्हणाली. “घरी चला.”

खुर्ची कितीतरी वेळ करकरली, आणि थांबली. जमलेल्या वडीलधाऱ्यांनी तिला समजावलं, की अध्यक्षांना उठा म्हणायचा हक्क सभासदाचा. ज्यांना तो होता ते उठून गेले, आणि जाताना हक्क गमावून बसले. जी थांबली ती सभासद नव्हती. हे सांगताना त्यांचा जीव भांड्यात पडला होता हे तिला दिसत होतं. एक राजा गेला म्हणून काय झालं, उद्या दुसरा येईल. ते ‘नाही’ जिवंत राहिलेलं त्यांना हवं होतं.

“बाई, गावात तुमचा मान केवढा आहे,” त्यातला एक म्हणाला.

“मान नको,” टॅमसिन म्हणाली. “माणूस द्या.”

त्या दिवसापासून ती रोज उंबऱ्याबाहेरच्या दगडावर येऊन बसू लागली. एके दिवशी तिथेच तिने प्राण सोडला.

दुसरा राजा आला, मग तिसरा. राजे बदलले, हुकूम सोडायची खोड काही बदलली नाही. शेवटी बायकांनाही सभेत निवडून यायचा हक्क मिळाला, आणि ईडिथ क्रोल नावाची शिक्षिका मार्लकूमची पहिली बाई सभासद झाली. गावातल्या बायका दगडाभोवती जमल्या. पुरुष टॅमसिनच्या धैर्याची गोष्ट सांगत, पण या बायकांना पेजेची गोष्ट त्यांच्या आयांनी सांगितलेली होती. ईडिथला त्या माणसाला मोकळं करायचं होतं. ‘सभा उठावी’ एवढंच तर म्हणायचं होतं. ती खुर्चीसमोर उभी राहिली. खुर्ची करकरली. आणि हा माणूस उठला तर यापुढे नाही म्हणायला कोण उरेल, असं ईडिथच्या मनात आलं. तिच्या तोंडून शब्द आले ते भलतेच.

“बसा. पेज आणते.”

बाहेरच्या बायकांनी माना खाली घातल्या.

आजही मार्लकूममध्ये नवी बाई सभासद झाली की पहिल्या दिवशी ती खुर्चीसमोर एकटी उभी राहते. काय म्हणायचं ते तिचं तिने ठरवायचं असतं, आणि घरून निघताना प्रत्येकीने ‘सभा उठावी’ असंच ठरवलेलं असतं, असं सांगतात. पण आतून ऐकू येतं ते तेच जुनं वाक्य, आणि त्यामागून खुर्चीची एकच करकर. मग ती बाहेर येते, उंबऱ्याबाहेरच्या दगडाला पाय लागू न देता वाकून “टॅमसिनबाई, माफ करा” म्हणते, आणि मागे न बघता घरी जाते. पेज आजवर कोणी आणलेली नाही.