बुबुळे नसलेली गिधाडे

एका राज्यात लढाई पेटली होती, आणि लढाई पेटली की आधी अक्कल जळते. सैन्य हरू लागले तेव्हा मांत्रिक धूम्रजट राजा रणकेतूला म्हणाला, "महाराज, शत्रू दूर आहे. प्रजेला जवळचा एक द्या." राजाने मान डोलावली.

त्या नगरात शंखरी लोक राहत. पणजोबांच्या काळी समुद्रापलीकडून आलेले, शंख कोरून पोट भरणारे. धूम्रजटाने चौकाचौकात त्यांची चित्रे रंगवली: गिधाडाची चोच, वाकडी नखे, विहिरीत विष ओतणारे हात. लोक आधी पोट धरून हसले. मग मंत्र चढला. चित्र पाहिलेल्या प्रत्येकाला जिवंत शंखरीही गिधाडच दिसू लागला. काल उसने पीठ देणाऱ्यांनी आज दगड उचलले. दवंडी पिटली गेली, "अमावास्येला सारे शंखरी सीमेपार!"

राजकन्या उत्पलेला वाढवणारी दाई गोमा शंखरीच. एका सकाळी उत्पलेची वेणी घालायला गिधाड आले. ती किंचाळली. गोमा आपल्या वस्तीत निघून गेली. किंचाळण्याआधी केसांत फिरलेली बोटे मात्र रोजचीच होती. उत्पला आधी रडली, मग चिडली, आणि चिडली ते फार बरे झाले.

ती चौकात गेली. भिंतीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राजकन्ये, या चित्रांना बुबुळे आहेत का?"

नव्हती. त्या देशाची रीतच अशी, की चितारी डोळे शेवटी उघडतो आणि तेव्हा ज्याचे चित्र तो माणूस समोर बसलेला हवा. धूम्रजट एकाही शंखऱ्यासमोर कधी बसला नव्हता.

"चित्र अपुरे, म्हणून मंत्र कच्चा," साळुंकी म्हणाली. "त्यांच्या विहिरीचे पाणी पी. त्यांच्या दिव्याचे काजळ आण. ज्याने होकार दिला, त्याच्याच हातून डोळे उघडव."

उत्पला सर्वांदेखत पाणी प्यायली. ती आता पडेल, मग पडेल, म्हणून लोक ताटकळले. ती ढेकर देऊन पुढे गेली. गोमाच्या दिव्यावर काजळ धरले आणि गोमाला चौकात घेऊन आली. राजालाही बोलावणे गेले.

"गिधाडासमोर मी बसू?" राजा गरजला.

"रणात भीत नाही, महाराज, आणि एका म्हातारीला भिता?" उत्पला म्हणाली.

राजा बसला. बुबुळ काढायचे तर समोर पाहणे आले. त्याने पाहिले. दुसरे बुबुळ काजळाने भरताच चित्रातली चोच पोपड्यासारखी गळून पडली आणि नगरभरच्या भिंतींवरची चित्रे ओघळली. लोकांना शेजारी दिसले, आणि आपल्या हातांतले दगडही. धूम्रजट पळाला. त्या दिवसापासून त्याला कुणाचाच चेहरा दिसेना.

दवंडी मागे घेतली गेली. सांजवेळी राजा एकटाच गोमाच्या दारी आला आणि हळूच म्हणाला, "माई, क्षमा कर."

"इथे नको, महाराज," गोमा म्हणाली. "आमची बदनामी चौकात झाली. क्षमाही चौकातच मागा, आणि त्याच आवाजात."

दुसऱ्या दिवशी राजा अनवाणी पायांनी चौकाचौकात फिरला, आणि दवंडीचा ढोल त्याने स्वतः वाजवला.