हेडी आणि मांजरी

"बोलावून मारते का ही, बाबा?"

मोतीराम हात झटकत होता. मनगटाजवळ ओरखडे उमटले होते आणि त्यांतून बारीक रक्त येत होतं.

जमालशा बाबा हसले नाहीत. हसू आलं असणार, पण ते दाढीत कुठेतरी राहून गेलं.

"काय केलंस तू?"

"म्या काय करणार? आली, माझ्या पुढ्यात आडवी झाली. चारी पाय वर, पोट उघडं. म्हणलं, लाडात आलीय. पोटावर हात ठेवला, तर..."

मांजरी चटईच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पंजा चाटत बसली होती. जणू काही झालंच नव्हतं.

दुपारची वेळ. तलावाकाठचा बाबांचा तकिया, फकिराचं ठिकाण, म्हणजे एक छपरी, एक माठ आणि एक उंच सावर. सावरीची बोंडं फुटली होती. कापूस हवेत सुटला होता आणि खाली यायचं विसरून गेला होता. जो खाली आला तो पाण्यावर, चटईवर, बाबांच्या दाढीत बसला होता. अशा दुपारी आपण जागे आहोत की झोपेत, हे माणसाला नीट सांगता येत नाही.

मोतीराम मात्र टक्क जागा होता. कितीतरी रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मोतीराम हेडी होता. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. दात न बघता तो बैलाचं वय सांगे. गाय कशी उभी राहते एवढं पाहून ती लाथ मारणार की नाही, ते सांगे. "जनावर बोलतं," तो म्हणायचा, "फक्त ऐकणारा पाहिजे." हा ऐकणारा कोण, ते वेगळं विचारायची गरज नसे.

"मला जनावर कळत नाही, असं आजवर कुणी म्हणलं नाही, बाबा."

"मीही नाही म्हटलं."

"मग ही अशी का वागली? शेपूट तर हलवत होती. चांगली खुशीत होती की."

"कसं हलवत होती?"

मोतीरामने चटईवर बोट आपटून दाखवलं. फट्. फट्.

"कुत्र्याचं शेपूट मांजरीला लावलंस, बेटा," बाबा म्हणाले. "ती म्हणत होती, आता पुरे."

"बरं, ते राहू द्या. पण पोट कशाला दाखवलं मग?"

"दाखवलं."

"हां, पण कशासाठी?"

"दाखवलं..."

मोतीराम वैतागला. साधुफकिरांची ही तऱ्हा त्याला मुळीच आवडत नसे. बाजारात असं कुणी बोललं असतं तर त्याने दुसरं गिऱ्हाईक धरलं असतं.

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात मांडीवरून घसरला आणि चटईवर आला. तळवा वर, बोटं सैल. खांद्यावरची चादर ओघळली आणि तिचं टोक त्या हातावर पडलं.

मोतीरामने ते पाहिलं. त्याचा ओरखडलेला हात आपोआप पुढे झाला, चादरीखाली शिरला आणि त्याने बाबांची बोटं धरून दाबली.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबायची, सौदा तिथेच ठरतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. मोतीरामचं सगळं आयुष्य त्या रुमालाखाली गेलं होतं.

बाबांनी डोळे उघडले.

"काय विकत घेतोस?"

मोतीरामने चटका बसल्यासारखा हात काढला. "चुकलं, बाबा... सवय. मला वाटलं, तुम्ही हात पुढं केला."

"केला नव्हता."

"मग उघडा का ठेवला?"

"उघडा होता."

कापसाचा एक पुंजका दोघांच्या मधून गेला. मांजरीने मान वळवून तो लांबपर्यंत पाहिला. तलावापलीकडे कुणीतरी कपडे धूत होतं. त्याचा आवाज पाण्यावरून यायला फार वेळ लागत होता.

"बाबा," मोतीराम म्हणाला. या वेळी आवाज हेड्याचा नव्हता. "म्या मांजरीचं विचारायला आलो नव्हतो."

"ठाऊक आहे."

"कावेरी चालली. माझी पोरगी. उद्या सकाळच्या एसटीनं. लांब कुठंतरी दवाखान्यात काम धरलंय तिनं. मला सांगितलं नाही. बॅग भरलेली दिसली, शेजारणीला विचारलं, तेव्हा कळलं."

कावेरी त्याची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. तिच्या वेण्या त्यानेच घातल्या होत्या, वाकड्यातिकड्या, आणि लग्न लावून सासरीही त्यानेच धाडलं होतं.

"शिमग्याला माहेरी आली. एका संध्याकाळी डाळ निवडता निवडता म्हणाली, आबा, मला त्या घरात झोप लागत नाही. एवढंच म्हणाली."

"मग?"

"मग काय! बापाचं काळीज आहे. सकाळी जीप केली, भावकीतली माणसं घेतली, गेलो तिच्या सासरी. अख्ख्या आळीदेखत जावयाला फैलावर घेतलं. तिच्या सासूला नाही नाही ते बोललो. पेटी, भांडी, कपाट, सगळं जीपमधी घातलं. म्हणलं, माझी पोर इथं नांदणार नाही."

"कावेरी म्हणाली होती, असं कर?"

"पोटची पोर एवढं बोलल्यावर बापानं हातावर हात ठेवून बसायचं का?"

"म्हणाली होती?"

मोतीरामचा अंगठा मनगटावरच्या ओरखड्यांवरून फिरत राहिला.

"जीप आमच्या दारात उभी राहिली," तो हळूच म्हणाला, "तेव्हा बाहेर आली. सामान पाहिलं. म्हणाली, मी तुम्हाला फक्त सांगत होते, आबा... आणि आत गेली. तवापासून एक शब्द नाही."

हे वाक्य मनात त्याने कितीदा तरी म्हटलं असेल. तोंडाने आज पहिल्यांदा म्हटलं होतं, आणि ते ऐकून तो स्वतःच दचकल्यासारखा दिसला.



मांजरी उठली. अंग ताणलं, चटईवरून दबकत दबकत थोडी पुढे आली आणि मोतीरामपासून हातभर अंतरावर थांबली. मोतीरामचा हात हलला. मग त्याने बाबांकडे पाहिलं आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले, शाळेतल्या खोडकर पोराला बसवतात तसे.

"रोखून बघू नकोस तिच्याकडं," बाबा म्हणाले. "डोळे जड होऊ दे."

ते सोपं होतं. इतक्या रात्रींचं जागरण साठलं होतं. मोतीरामच्या पापण्या हळूहळू खाली आल्या, हळूहळू वर गेल्या. समोर मांजरीच्याही पापण्या खाली आल्या... वर गेल्या. पुन्हा खाली आल्या. ऊन, पाणी, कापूस, सगळं एकाच संथ चालीने चाललं होतं, आणि आपण किती वेळ असे बसलो आहोत, हे मोतीरामला कळेना.

मग मांजरी अगदी जवळ आली, गर्रकन वळली, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि समोर पाण्याकडे बघू लागली. तिची पाठ त्याच्या गुडघ्याला टेकली होती.

"बघा," मोतीराम कडवटपणे म्हणाला. "हिनं पण पाठ फिरवली. हिचाही राग गेला नाही."

"मांजर ज्याला भितं, बेटा, त्याच्याकडं तोंड करून बसतं."

मोतीरामने गुडघ्याला टेकलेल्या त्या पाठीकडे पाहिलं.



"कावेरी पण..." तो म्हणाला, "पाठ करूनच बसते. रोज तिन्हीसांजेला. मला वाटलं, माझं तोंड बघायची इच्छा नाही तिला."

"कुठं बसते?"

"माझ्या खाटेपाशी. खाली, भुईवर."

"घर केवढं आहे तुझं?"

"मोठं आहे. चांगल्या सहा खोल्या, परस, वर गच्ची..."

बोलता बोलता त्याला ती खाटेपाशीची जागा दिसली.

मोतीराम रडला. आवाज न करता रडला, कारण गुडघ्याला मांजरी टेकलेली होती. डोळे पुसायला हात काढावा लागला असता, तो त्याने काढला नाही. पाणी मिशीवर आलं, हनुवटीवर आलं, तसंच येऊ दिलं. बाजारातल्या कुणी त्याला या वेळी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

बाबा तलावाकडे बघत होते. पलीकडचं कपडे धुणं थांबलं होतं. मांजरीने मान खाली घातली, अंगाचं वेटोळं केलं आणि ती झोपून गेली.

ऊन उतरलं, तसा मोतीराम भानावर आला.

"बाबा, दिवेलागण होईल आता. ती येऊन बसायची वेळ. आजची एकच संध्याकाळ आहे हातात. म्या काय म्हणू तिला? जाऊ नको म्हणू? का जा म्हणू? का माफी मागू?"

"हात कुठं आहेत तुझे?"

"मांडीखाली."

"बरं आहे."

"असं कोड्यात नका बोलू, बाबा. वस्ती दोन कोसांवर आहे. मला लागलीच निघायला पाहिजे."

तो उठायला लागला आणि त्याचं गुडघ्याकडे लक्ष गेलं. मांजरी गाढ झोपली होती. तिच्या पोटाची लव श्वासाबरोबर वरखाली होत होती, आणि सगळा भार त्याच्यावर होता.

मोतीराम तसाच, अर्धा उठलेला, अडकून राहिला. त्याने केविलवाणं होऊन बाबांकडे पाहिलं.

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"घाई आहे ना?" ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "मग हळू ऊठ."