भोपळ्याच्या घरचं लग्न

विळ्याचं आणि भोपळ्याचं एकदाच जमलं होतं, त्या वर्षीची ही गोष्ट.

भोपळ्याच्या वेलीला कळ्या धरल्या, तशी तिला शेजारच्या बांधाची लाज वाटू लागली. तिथं तरवड, टाकळा असं काहीबाही माजलं होतं. "आमच्याकडे लग्न आहे," ती विळ्याला म्हणाली, "हे रान दारात शोभत नाही." विळ्याने दोन दिवसांत बांधाची हजामत केली.

लग्नाच्या दिवशी नवरा आणि नवरी, दोन्ही फुलं पहाटेच उमलली. मुहूर्त ऊन चढेपर्यंतचाच. मग भोपळ्याचं फूल मिटतं ते कायमचं. पण नवऱ्याचा पराग नवरीकडे नेणारी मधमाशी काही येईना. भर दुपारी ती धापा टाकत आली, तोवर नवरी मिटली होती.

"ही काय यायची वेळ?" वेल कडाडली. "एरवी तर हाकेसरशी यायचीस."

"एरवी बांधावर राहायचे, मावशी. तरवडाच्या मुळाशी माझं घर होतं. आता ओढ्यापलीकडून यावं लागतं. तुमची पंगत महिनाभराची, बाकीचे अकरा महिने तेच रान आम्हाला जेवू घालायचं."

वेलीने मिटलेल्या नवरीकडे पाहिलं, मग बोडक्या बांधाकडे.

चार दिवसांनी विळा ऐटीत आला. "बांधावर पुन्हा कोंब फुटलेत. काढू ना?"

वेलीने शेंडा लांब केला आणि विळ्याच्या मुठीला करकचून तीन वेढे घातले. तेव्हा त्या दोघांचं जे बिनसलं, ते आजतागायत.