ठकूबाईचा हेवा

डोंगराच्या या अंगाला बैलगाडीची वाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कुसरवाडीत ठकूबाई नावाची एक बाई राहत असे. तिला पाहिलेलं कुणी आता उरलं नाही. गोष्ट मात्र उरली आहे, ती ऐका.

ठकूबाईला रानातला पाला कळत असे. कुठला कोवळा असतानाच खुडायचा, कुठल्याचं उकळलेलं पहिलं पाणी ओतून द्यायचं, कुठल्याला हातसुद्धा लावायचा नाही, हे गावातल्या बाया तिलाच विचारत. बाळंतिणीला ती शेवग्याचा पाला आणि नाचणीची आंबील देई. केसांना शिकेकाई, अंगाला डाळीचं पीठ आणि दातांना बाभळीची काडी, याखेरीज तिने कधी काही वापरलं नाही. केसांत पांढरा धागा दिसू लागला तरी तिची वेणी गुडघ्याला लागे. ती रानात शिरली की टाकळ्याची पानं तिच्याकडे वळत, असं म्हणतात.

तिच्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात मैना आली. मैना मोठ्या बाजारगावची, दिसायला देखणी. माहेरी तिच्या रूपाचं फार कौतुक झालं होतं. इथे मात्र दारात आलेली प्रत्येक बाई तिला ओलांडून आत जाई आणि विचारी, ठकूबाई कुठे आहे? पाणवठ्यावर ठकूबाई, बारशाला ठकूबाई. मैनेला ते सोसेना. जावेची वेणी पाठीवर हलताना दिसली की ती तोंड फिरवून घेई.

एकदा घाटाखालून एक अत्तरवाला आला. त्याच्याकडे डबीत पांढरा लेप होता. हा लावला की काळवंडलेला चेहरा चंद्रासारखा होतो, असं तो सांगत होता. मैनेने तो घेतला, लावला, आणि खरोखरच तिचा चेहरा असा उजळला की बाया बघतच राहिल्या. मग काय, सगळ्यांना तो लेप हवा झाला. अत्तरवाला पुन्हा पुन्हा येऊ लागला, आणि प्रत्येक वेळी मैनेच्याच ओट्यावर आपलं गाठोडं सोडू लागला. बाया तिच्याभोवती बसत, गालाला बोट लावून बघत, हसत. ठकूबाईची शिकेकाई सुपात तशीच पडून राहू लागली. पालेभाजी खुडायला चला म्हटलं तर कुणी म्हणे, उन्हाने तोंड काळं पडेल.

आता हेव्याने घर बदललं. तो मैनेला सोडून ठकूबाईकडे राहायला आला.

आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हाताला काम नव्हतं. भिंतीपलीकडून बायांचं हसणं ऐकू येई आणि तिला वाटे, आपल्यालाच हसताहेत. मैनेच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ती ठरवी आणि तिथेच बघत राही.

घरामागे न्हाणीच्या सांडपाण्यावर आळू लावलेलं होतं. वर्षानुवर्षं ते कमरेइतकं वाढत असे. मैना तिथे लेप धुऊ लागली तसं ते पिवळं पडलं, मग काठाने जळलं. ठकूबाईने ते पाहिलं आणि ती काय ते समजली. पाल्याची भाषा तिला कळत होतीच. कुणी चुकून ती पानं चिरू नयेत म्हणून तिने सगळं आळू उपटून दूर पुरलं.

पण मैनेला ती काही बोलली नाही. बाकीच्या बायांनाही नाही. कुणाच्या हिरड्या काळसर पडल्या, कुणाचे केस विंचरताना मुठीने येऊ लागले, कुणाचा हात भाकरी थापताना थरथरू लागला. ठकूबाई बघत होती. लागू दे जरा, मग येतील माझ्याकडे, असं तिच्या मनात येई, आणि त्यात तिला गोडी वाटे.

ती गोडी रानाला कळली, असं म्हणतात. एका भर दुपारी ठकूबाई माळावर गेली, तर टाकळा संध्याकाळी मिटतो तसा समोर मिटत गेला. तिची सावली जिथे पडेल तिथली पानं एकमेकांना चिकटत. तिने कुर्डू खुडून भाजी केली, ती इतकी कडू झाली की गाईनेही तोंड फिरवलं. घरातल्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, यंदा पालाच वाईट आहे.

मैनेची मुलगी गोजरा नुकती चालायला लागली होती. आईच्या गालाला गाल घासायचा आणि तोच गाल चाटायचा, हा तिचा लाडका खेळ. पोर हळूहळू जेवेनाशी झाली. पोट धरून रडायची, मग रडणंही थांबलं. चालणारी पोर पुन्हा बसून राहू लागली. एका सकाळी ठकूबाई ओसरीवरून जात होती. गोजराने तिला पाहून हात वर केले, आणि ते हात तसेच लुळे खाली पडले. तिच्या ओठांवर पांढरा लेप होता.

ठकूबाईने पोरीला उचललं आणि ती आत जाऊन मैनेसमोर उभी राहिली.

"मैना, आधी तोंड धू. पोरीचंही पूस. विष आहे ते."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"आळू जळालं तेव्हापासून ठाऊक आहे."

मैनेने पदराने पोरीचे ओठ पुसले. "मग सांगितलं का नाही, जाऊबाई?"

"तुझ्याभोवती बाया बसायच्या, ते मला बघवत नव्हतं."

मैनेने पोरीला ओढून आपल्या कुशीत घेतलं. आता ही शिव्या देणार, असं ठकूबाईला वाटलं. पण मैना खाली बघत म्हणाली, "मी तो लेप घेतला, तोही तुमची वेणी बघवत नव्हती म्हणूनच."

त्याच दिवशी ठकूबाईने सगळ्या बायांना पाराशी बोलावलं आणि जे घडलं ते काही न लपवता सांगितलं. मला कळलं होतं आणि मी गप्प राहिले, हेही सांगितलं. एकीने डोक्यावरचा पदर काढून आपलं केस विरळ झालेलं डोकं तिला दाखवलं आणि पाठ फिरवून निघून गेली. आणखी काही जणी तिच्यामागे गेल्या. मैना गेली नाही. पोरीला कडेवर घेऊन ती जावेच्या शेजारी उभी राहिली.

तेव्हा ऐन उन्हाळा होता, रानात हिरवं पान नव्हतं. ठकूबाई रिकामी टोपली घेऊन माळावर गेली आणि पोरीसाठी मूठभर तरी पाला दे म्हणून गुडघे टेकून जमिनीला विनवू लागली. ती उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांपाशी घोळीची कोवळी भाजी पसरली होती, आणि वाळल्या मातीतून टाकळा वर येऊन पानं उघडत होता. वाडीच्या उंबरठ्यांपर्यंत हिरवं आलं, असं म्हणतात.

दोघी जावांनी मिळून गोजराला आंबील पाजली, पाला शिजवून मऊ करून भरवला. ज्या पाठ फिरवून गेल्या होत्या, त्यांच्या दारात ठकूबाई रोज भाजी ठेवून येई, हाक न मारता. लेपाच्या डब्या दूर खडकात पुरल्या गेल्या. अत्तरवाला पुन्हा आला तेव्हा मैनेनेच त्याला वेशीवरून परतवून लावलं. बायांचे केस सावकाश परत आले. गोजरा चालू लागली, पण बोलायला फार उशिरा लागली, आणि तिचा डावा हात जन्मभर थोडा हळूच चालला. तो हात दिसला की ठकूबाई बोलता बोलता थांबे. म्हातारी झाल्यावर तिने बजावून ठेवलं होतं, माझ्या नावाने दगड मांडू नका, शेंदूर लावू नका.

म्हणून कुसरवाडीत तिचं देऊळ नाही. पण आखाडात एका सकाळी वाडीतल्या सगळ्या बाया माळावर जमतात. जावा-जावा, नणंदा-भावजया, शेजारणी, अशा जोडीने बसतात. एकमेकींचे केस शिकेकाईने धुतात, आणि मग एका ताटात भाकरी आणि मिसळीची पालेभाजी घेतात. मात्र पहिला घास मोडण्याआधी प्रत्येकीने समोरचीला सांगायचं असतं, की वर्षभर आपल्याला तिचा हेवा कशाचा वाटला. खोटं बोललं तर भाजी कडू लागते, असं म्हणतात.

कुणी म्हणते, तुझ्या माहेरचे तुला भेटायला येतात. कुणी म्हणते, तुझा नवरा तुझ्याशी बोलतो. ऐकणारीने उत्तर द्यायचं नसतं. तिने पहिला घास मोडायचा आणि बोलणारीला भरवायचा.