दोघांचा कीबोर्ड

“मग कार्डच खराब निघालं म्हणायचं. दुसरं काय असणार, चाचा?”

उस्मानचाचा मुजावरांनी चष्मा कपाळावर सरकवला. ते नंदूच्या जुन्या कॉम्प्युटरकडे बघत राहिले. मिरजेच्या बोळातल्या त्या दुकानात त्यांनी आधी रेडिओ, मग टीव्ही आणि पुढे कॉम्प्युटर बरे केले होते. यंत्राबद्दल ते कधी घाईने काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

नंदू मगदूमला मात्र घाईच होती. एके काळी तो चाचांकडेच दोन वर्षं काम शिकला. पुढे व्हिडिओ बघून बघून इतका शहाणा झाला की चाचांचं शिकवणं त्याला जुनाट वाटू लागलं, आणि त्याने इकडे फिरकणंच सोडलं. आज चार वर्षांनी आला, तोही अडला म्हणून.

अकरा वर्षांच्या कॉम्प्युटरवर नवे खेळ चालवायचे होते आणि खर्चही झेपायला हवा होता. सहा महिने पोटाला चिमटा काढून त्याने रॅम वाढवली, आणि पडद्यावरचं चित्र झरझर काढणारं, कुणीतरी वापरलेलं पण धडधाकट ग्राफिक्स कार्ड मिळवलं. एवढं करूनही खेळ पूर्वीसारखाच अडखळत होता.

चाचांची एक रीत होती. कॉम्प्युटरचा नुसता डबा ते दुकानात घेतच नसत. कीबोर्ड, माउस, मॉनिटर, वायरी, सगळी वरात आणायला लावत. आजारी माणसाचं नुसतं पोट घेऊन डॉक्टरकडे जाता का, असं विचारत. मग सगळं गिऱ्हाइकाच्याच हाती देत.

“घरी जोडतोस तसं जोड.”

नंदूला मनातून हसू आलं. आपल्यासारख्या माणसाला हे सांगावं? तरी त्याने जोडलं. मागे वाकून बघितलंसुद्धा नाही, हातांना सगळं पाठ होतं.

खेळ सुरू झाला. पडद्यावरचा सैनिक दोन पावलं चालला आणि थबकला. पुन्हा दोन पावलं...

“एवढी धडपड कशापायी?”

नंदू आधी उडवाउडवी करत होता. मग सांगू लागला.

धाकटा भाऊ सन्मती. कॉलेजात असताना दोघे एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसून ह्याच कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायचे. कीबोर्ड एकच. डावीकडची बटणं सन्मतीची, उजवीकडचे बाण नंदूचे. आता सन्मती जर्मनीत होता आणि रविवारी तिथल्या मित्रांबरोबर इंटरनेटवर हाच सैनिकांचा खेळ खेळायचा. फोन महिन्याकाठी एखादा, दोन मिनिटांत आटपणारा. मीही येऊ का खेळायला, असं नंदूने एकदा विचारलं होतं. तुझ्या मशीनवर ते चालणार नाही दादा, असं उत्तर आलं होतं.

आई गेल्यापासून नंदू घरात एकटाच राहत होता. रविवारची दुपार त्याला खायला उठायची. आजही रविवारच होता.

“त्यानंतर त्यानं स्वतःहून कधी बोलावलं?”

“मशीन तयार झालं की मीच कळवणार होतो.”

“हं...”

चाचा उठले, टेबलामागे जाऊन वाकले आणि त्यांनी नंदूला बोटाने जवळ बोलावलं.

नंदूने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मॉनिटरची वायर नव्या कार्डात नव्हतीच. अकरा वर्षं जिथे होती त्याच जुन्या जागी त्याने ती खोचली होती. इथेही, घरीही. कार्ड आठ दिवस नुसतं बसून होतं. आणि कार्ड बसवलं की वायर कार्डातच लावायची, ही गोष्ट चाचांनी त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलेली.

चाचांनी वायर उपसली. पडदा काळा झाला. वायरीचं टोक त्यांनी नंदूच्या हातात ठेवलं.

नंदूचा हात पुढे जाईना. त्याला एकाएकी भीती वाटली. ही वायर लागली की खेळ धावणार, आणि मग मशीनचं नाव पुढे करता येणार नाही. ना सन्मतीला, ना त्याला स्वतःला.

“चाचा, मी हे चुकून केलं ना?”

“मला कसं ठाऊक?”

नंदूने वायर लावली.

सैनिक धावू लागला. गवताचं पातं न् पातं वाऱ्यावर हलत होतं. कोपऱ्यात सन्मतीचं नाव हिरवं दिसत होतं, म्हणजे तो खेळायला आलेला होता. नंदूने लिहिलं, मशीन झालं रे. येऊ का?

दोघे पडद्याकडे बघत राहिले. बाहेरून एक रिक्षा गेली.

मग उत्तर आलं. अरे वा दादा! आज टीम फुल आहे. बघू पुढे कधीतरी.

नंदूने ते दोनदा वाचलं. खेळ बंद केला. इतकं एकटं त्याला आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

“मशीन चांगलं झालं, चाचा,” तो म्हणाला आणि माउसची वायर गुंडाळायला लागला.

चाचांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यात जुन्या शर्यतीच्या गाडीचं छोटं चित्र होतं. इतक्या वर्षांत नंदूने ते पुसलं नव्हतं. चाचांनी तिकडे बोट केलं.

नंदूने ते उघडलं. पडद्याचे दोन भाग झाले. वर एक गाडी, खाली एक गाडी, दोन्ही उभ्या.

“हे तर नव्या कार्डाशिवायही चालायचं...”

चाचांनी दोन्ही गाड्या नीट बघून घेतल्या. त्यांनी उभ्या जन्मात कॉम्प्युटरवर खेळ खेळला नव्हता. गिऱ्हाइकांची पोरं खेळायला लागली की ते तोंड फिरवून बसत.

दुकानात बाकडं एकच होतं. नंदूला जरा सरकायची खूण करून चाचा अर्ध्या बाकड्यावर टेकले. चष्मा डोळ्यांवर घेतला. कीबोर्डावरची डावीकडची अक्षरं आणि उजवीकडचे बाण सारखेच झिजून गेले होते. त्यावर दोन्ही हात अधांतरी धरून त्यांनी विचारलं,

“माझी बटणं कुठली?”